वतनाचं टेबल

आमच्या इराणी शेठना कचेरीत जायला आवडायचं. हे वाक्य मी आजही कुणाला सांगितलं तर त्याला वाटतं माझी जीभ घसरली. दाढ दुखायला लागली की माणूस दवाखान्याची पायरी चढतो, तसंच कचेरीचं. दुसरा इलाज नसतो म्हणून जायचं. पण लोक जसे एकादशीच्या कीर्तनाला जाऊन बसतात तसे शेठ महिन्यातून एकदोनदा, काही काम नसताना, बोईसरहून सकाळची पॅसेंजर धरून पालघरला जायचे आणि कचेरीच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत बसून यायचे. बसायला घडीचं स्टूल घरून न्यायचे. "उभ्या मानसाचा काम उभाच राहतो," असं त्यांचं म्हणणं. काळा कोट, काळी टोपी, पॉलिश केलेले बूट आणि काखेत स्टूल अशा थाटात ते फलाटावर आले की हमालसुद्धा त्यांना वाट करून द्यायचे.

पालघरला कचेऱ्या पुष्कळ. त्यांतली ही कुठली ते मी सांगणार नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि जे झालं ते कुठल्याही कचेरीत झालं असतं.

साठच्या पुढची वर्षं होती ती. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं आणि मी एका ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो होतो. बोईसर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर शेठचं चहाचं दुकान होतं, त्याच्या वरची खोली मी भाड्यानं घेतली. मी साताऱ्याकडचा. इथली खारी हवा, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आणि बारा महिने अंगाला चिकटलेला सदरा यांतलं मला काहीच मानवलं नाही. मानवले ते फक्त शेठ, आणि तेही सुरुवातीला नाहीच.

पहिलं भांडण भाड्याच्या पावतीवरून झालं. ठेकेदाराला दाखवायला मला पावती हवी होती. गल्ल्यामागून शेठ म्हणाले, "अर्ज करा." मला वाटलं थट्टा आहे, म्हणून मीही हसून तोंडी अर्ज केला. "उद्या या." दुसऱ्या दिवशी जिना उतरून गेलो तर माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "साहेब फिरतीवर हाय." मी तसा तापट माणूस. आमच्या घरात सगळेच तापट. मी म्हटलं, "शेठ, तुम्ही माझ्यासमोर बसला आहात."

"मी बसलाय," ते शांतपणे म्हणाले, "साहेब फिरतीवर हाय."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून पावती हातात ठेवली. म्हणाले, "हा झाला हिंदुस्थान. आता इराण बघा." मग मला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला, साखरेचा खडा दातांत धरून तो कसा प्यायचा ते शिकवलं. माझ्या आईवडिलांची विचारपूस केली, गावातल्या विहिरीला पाणी किती आहे ते विचारलं, माझी तब्येत उतरली म्हणून हळहळले. अर्धा तास असा गेल्यावर माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि अगदी मायेनं म्हणाले, "फर्दा." फर्दा म्हणजे उद्या. "फरक समजला? तिकडे साहेब भेटतो, काम होत नाय. इकडे काम होतो असं बोलतात, पन साहेब भेटत नाय." एवढं बोलून ते गल्ल्याकडे वळले, आणि मी पावती घेऊन वर गेलो. राग कुठे गेला ते कळलं नाही.

त्यांचं मराठी ही एक वेगळीच चीज होती. किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून मासळीची पाटी घेऊन एक म्हातारी बाई रोज त्यांच्या दाराशी यायची. शेठ मराठी शिकले ते तिच्याकडून, वीसेक वर्षं पापलेटाच्या भावावरून हुज्जत घालता घालता. त्यामुळे हा गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा माणूस तोंड उघडायचा तेव्हा आतून मुरब्याची बाई बोलायची. त्यात भर म्हणजे त्यांच्या फारसी भाषेत तो, ती, ते असा भेदच नाही. त्यामुळे चहा आला, साखर आला, गाडी आला. सगळी सृष्टी पुल्लिंगी. बाई त्यांना हसायची. "शेट, मी बाई हाय, मना तरी 'आली' म्हना." शेठ मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "बाय आला." वाचायला मात्र ते शिकले नव्हते. देवनागरीतलं काहीही आलं की ते जिन्याखाली उभे राहून मला हाक मारायचे.

कचेरीचं वेड त्यांना कसं लागलं ते त्यांनी मला एका पावसाळी दुपारी सांगितलं. ते इराणातल्या यज्दकडच्या एका खेड्यातले. अठराव्या वर्षी एका काकाबरोबर बोटीनं मुंबईला आले आणि एका हॉटेलात कपबश्या विसळायला लागले. पहिला महिनाभर भोवतालच्या बोलण्यातलं अक्षर कळलं नाही. कुणी हाक मारली की अंगावर काटा यायचा, कारण शिवी दिली की जेवायला बोलावलं हेच समजायचं नाही. एकदा मालकानं त्यांना कसलीशी पिशवी घेऊन कोर्टाच्या दाराशी उभं केलं. आतून पट्टेवाला ओरडला, "फिर्यादी हाजिर?"

"दोन शब्द, दोनी माझे," शेठ म्हणाले. "फरियाद म्हंजे आमच्यात ओरडनं. दुखतंय म्हनून ओरडनं. मला वाटला, कोनतरी विचारतो, कोन ओरडतो, तो इथं हाय का? मी आत गेला. बोलला, हाजिर."

त्यांना अर्थातच बाहेर काढलं. पण त्या दिवसापासून त्यांनी मनाशी धरलं की या परक्या मुलखात एक जागा आहे जिथं आपली भाषा बोलतात, आणि ती कचेरी. अर्ज, दाखला, हजर, गैरहजर, दस्तऐवज, कैफियत. बाजारात नाही, देवळात नाही, कुणाच्या घरात नाही, फक्त कचेरीत. म्हणून ते स्टूल घेऊन जायचे. कुणी कारकून पट्टेवाल्याला म्हणायचा, "शिरस्तेदारांना विचार," की शेठचे डोळे सुखानं मिटायचे. शिरस्तेदार, म्हणजे कचेरीतला वरचा कारकून, त्यांच्या भाषेत ज्याच्या हातात दोऱ्याचं टोक आहे तो, असं त्यांनी मला समजावलं होतं. "नाव किती चांगला. पन टोक कुटं हाय तेच त्याला म्हाईत नाय."

शब्द त्यांचे असले तरी इकडे येता येता बदलले होते, आणि तिथंच त्यांची गंमत आणि तिथंच त्यांचं दुखणं. साहेब रजेवर आहेत असं कळलं की ते म्हणायचे, "रजा म्हंजे आमच्यात खुशी. साहेब खुशीवर हाय. बरोबर हाय, हापिसात नाय म्हनून." एकदा एक कारकून त्यांना मनापासून म्हणाला, "शेठ, आम्ही तुमच्यासाठी शिकस्त करू." शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या भाषेत शिकस्त म्हणजे हार. "नको रे," ते म्हणाले, "तुमी आधीच हरलेला हाय." कारकुनाला वाटलं शेठ रागावले.

आणि 'गरीब'. ते स्वतःला नेहमी गरीब म्हणवून घ्यायचे. बोईसरमध्ये लोक यावर कुत्सित हसत. पक्क्या भिंतीचं दुकान, वर खोली, आणि म्हणे गरीब. मीही हसायचो. पुष्कळ दिवसांनी कळलं की गरीब म्हणजे त्यांच्यात परका. गावात ज्याला कुणी ओळखत नाही तो. हे कळल्यावर मला हसू येईनासं झालं, कारण त्या अर्थानं त्या गावात मीही गरीबच होतो.

परका म्हणून त्यांना दरवर्षी पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागायची. तीस वर्षांहून जास्त ते इथं होते, तरी दरवर्षी तेच प्रश्न: कुठून आलात, कशासाठी आलात, कधी जाणार. शेवटच्या प्रश्नाला ते म्हणायचे, "तुमी सांगा." तारापूरला गोरे इंजिनिअर यायला लागल्यापासून ही विचारपूस वाढली होती. त्या गोऱ्यांना येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांच्या मोटारी धूळ उडवत दुकानासमोरून जायच्या आणि शेठ धुळीतून बघत म्हणायचे, "तो पावना. मी गरीब."

तिकडचंही ते काही गोड बोलत नसत. तिकडे म्हणे त्यांच्या लहानपणी शहरातून एक अंमलदार खेचरावर बसून गावात आला आणि म्हणाला, आजपासून सगळ्यांनी आडनाव घ्यायचं, सरकारचा हुकूम आहे. गावात आडनाव म्हणजे काय तेच कुणाला ठाऊक नव्हतं. अंमलदाराला संध्याकाळच्या आत परतायचं होतं, त्यानं रांगेत उभ्या माणसांना दिसेल ते आडनाव देऊन टाकलं. कुणाला डाळिंब, कुणाला भिंत. इकडे आल्यावर कचेरीनं ते खोडून 'इराणी' लिहिलं. "तिकडे नाव साहेबानी दिला, इकडे देशानी दिला. आईनी दिलेला नाव कोनी विचारलाच नाय," असं ते म्हणाले होते.

आता वतनाकडे येतो. आमच्या घराण्यात पाटीलकीचं वतन होतं. ती वतनं सरकारनं खालसा केली, म्हणजे काढून घेतली, आणि आमचे वडील ओसरीवर जुनी सनद मांडीवर घेऊन बसून राहिले. मी नोकरीला बाहेर पडलो तो त्यामुळेच. एकदा चहा पिताना शेठनी विचारलं, एवढ्या लांब का आलात? मी म्हटलं, "काय करणार शेठ, आमचं वतन गेलं."

शेठ उठले. गल्ल्याला वळसा घालून आले आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांनी मला घट्ट मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला काही उमजेना. मग कळलं की वतन म्हणजे त्यांच्यात मायदेश. जिथं नाळ पुरली ती जागा. मी समजावलं की आमच्यात वतन म्हणजे सरकारनं गावच्या कामाबद्दल दिलेला हक्क, मान आणि जमीन. शेठना ते अजिबात पटलं नाही. "जमीन म्हंजे जमीन. वतन म्हंजे वतन. तुमच्या लोकांनी शब्द आनला, अर्थ बोटीत विसरला." आणि मिठी मारून झालेली असल्यामुळे तेव्हापासून त्यांनी मला भाडेकरू मानणं सोडलं.

या सगळ्याच्या तळाशी त्यांची आई होती. "माझा आई," ते म्हणायचे. अठराव्या वर्षी निघताना ते तिला सांगून आले होते की पुढच्या नवरोजला, म्हणजे तिकडच्या नव्या वर्षाला, येतो. त्यानंतर तीसपस्तीस नवरोज झाले. मधे लढाई आली, मग दुकान आलं, मग एक आजारपण आलं, मग कागद. डहाणूला त्यांचा एक चुलतभाऊ चिकूच्या वाडीवर होता, तो इराणला जाऊन येऊन असायचा. त्यानं एका हिवाळ्यात निरोप आणला: आईला आता दिसत नाही, येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ती हातानं चाचपून बघते, तू एकदा ये.

जायला अडचण नव्हती. अडचण परत यायची होती. परत येण्याचा शिक्का पासपोर्टवर घेतल्याशिवाय गेलं तर इथं पुन्हा पाय ठेवता येणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. आणि तो शिक्का मिळायला आधी इथल्या कचेरीचा दाखला हवा होता, की हा इसम खरोखर इथं राहतो, याचं दुकान आहे, आणि हा आईला भेटायला जातो आहे.

मुरब्याच्या बाईला हे समजलं तेव्हा ती पाटी खाली ठेवून बघतच राहिली. "आयेला भेटाला कागद कशाला पायजे? आमचे पोरं दर्यात जातात ती काय शिक्का मारून जातात?"

"दर्या विचारत नाय, बाय," शेठ म्हणाले. "सरकार विचारतो."

"मंग कागद नको. तसेच जावा. तिकडंच रावा आयेजवल."

शेठनी पाटीतलं एक पापलेट उचललं आणि परत ठेवलं. मग म्हणाले, "तिकडे मला ओळखनारा फक्त आई हाय. तो गेला की मी तिकडे पन गरीब. इकडे निदान तुमी शिव्या तरी देतो." बाईनं पदर डोळ्यांना लावला आणि त्या दिवशी पापलेटाचे पैसे घेतले नाहीत.

अर्ज लिहायला मी त्यांच्याबरोबर गेलो. कचेरीबाहेर चिंचेखाली एक वयस्कर अर्जनवीस बसायचा. लोकांचे अर्ज लिहून देणं हा त्याचा धंदा, आणि अक्षर मोत्यासारखं. त्यानं लिहिलं, 'मायदेशी जाऊन येणेकरिता.' मी ते वाचून दाखवलं. शेठनी विचारलं, मायदेश म्हणजे काय? मी म्हटलं, तुमचं ते वतन.

"मग वतन लिहा."

"शेठ, वतनाचा इथं अर्थ वेगळा होतो," अर्जनवीस म्हणाला. "आत वतनाचं वेगळं टेबल आहे."

"बघा," शेठ माझ्याकडे वळून म्हणाले. "वतनासाठी वेगळा टेबल हाय. आमच्या यज्दमध्ये पन नाय."

मी सांगितलं, अर्जनवीसानं सांगितलं. मी चिडून आवाजही चढवला. शेठ हलायला तयार नव्हते. ते म्हणाले, तीस वर्षं मी तुमचे शब्द बोलतो, चुकीचे बोलतो, लोक हसतात. हा एक शब्द माझा आहे, हा मला बरोबर येतो. मी आईकडे चाललोय ते माझ्या शब्दानं जाईन. त्यांचा चेहरा असा झाला होता की अर्जनवीसानं माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि खोडून लिहिलं: 'अर्जदारास आपले वतन मिळणेबाबत.' 'मिळणे' हा शब्द त्याच्या हाताच्या सवयीनं आला. वतनाच्या अर्जात तो येतोच. वतनापुढे मिळणेच येणार, असं मलाही तेव्हा इतकं सरावाचं वाटलं की तो कुणालाच खटकला नाही.

त्यानंतर माझ्या स्टोअरची कामं वाढली, सुट्टी मिळेना. शेठ एकटे स्टूल घेऊन जात आणि खुशीत परत येऊन सांगत: वतनाच्या टेबलावरचा कारकून फार सभ्य आहे, बसा म्हणतो. त्यानं सनद मागितली, आमच्यात सनद म्हणजे कुठलाही सरकारी कागद, म्हणून मी माझं तिकडच्या सरकारचं जन्माचं पुस्तक दिलं, त्यानं ते कपाळाला लावून घेतलं. मग एकदा म्हणाले, माझं पुस्तक वाचायला पुण्याला पाठवलंय, तिथं फारसी जाणणारा माणूस आहे. "इराणमध्ये माझा कागद कोनी गावाबाहेर नेला नाय. इथं पुन्याला गेला." त्यांना त्याचा अभिमान वाटत होता. डहाणूच्या चुलतभावाबरोबर त्यांनी आईला निरोप पाठवला की काम चालू झालं आहे, या नवरोजला नक्की.

तो नवरोज होऊन गेल्यावर मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो. टेबलावरचा कारकून तरुण होता, खरंच सभ्य. त्यानं कागदांचं बासन सोडलं आणि अदबीनं विचारलं, "वतन नेमकं कुठल्या परगण्यातलं? सनदेत काही स्पष्ट होत नाही."

मी म्हटलं, "कसली सनद? हे जन्माचं पुस्तक आहे. हे गृहस्थ इराणी आहेत."

"हो, ते दिसतंच आहे," कारकून म्हणाला. "बादशाही अमलात पुष्कळ इराणी सरदार इकडे आले. त्यांच्या वंशजांची दोन प्रकरणं मी स्वतः हाताळली आहेत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी टेबलावर हात आपटून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या पोराचा चेहरा पांढरा पडला. तो वाईट नव्हता हे मी आधीच सांगितलं. त्यानं अर्ज पुन्हा वाचला, विषय बोटानं दाखवला. 'वतन मिळणेबाबत.' त्याची तरी काय चूक? मग तो हळूच म्हणाला की प्रकरण या टेबलावर नोंदलं गेलं आहे, निकाल लागल्याशिवाय ते इथून हलवता येत नाही. निकाल नाकारल्याचा लागेल, मग नवा अर्ज करा. आणि निकाल कधी? तर पुण्याहून सनद वाचून आल्यावर. शेठ स्टुलावर बसून आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते.

परतीच्या गाडीत मी त्यांना समजावून सांगितलं. उमरोळी स्टेशन मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेरच्या मिठागरांकडे बघत राहिले. मी म्हणालो नव्हतो का, असं मी म्हटलं नाही. ते माझ्या ओठांवर होतं, पण त्यांचे हात मांडीवर असे पडले होते की मला बोलवेना. शेवटी तेच म्हणाले, "शब्द माझा होता. पन कचेरी तुमचा हाय." त्या संध्याकाळी त्यांनी मला चहा दिला नाही, स्वतःही घेतला नाही.

मग सुरू झालं ते फारच विचित्र होतं. एरवी माणूस अर्ज मंजूर व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसतो. आम्ही तो नामंजूर व्हावा म्हणून वाट बघत होतो. मुरब्याची बाई रोज विचारायची, "आला का नकार?" शेठ मान हलवायचे. ते आता उगाच कचेरीत जात नसत. काम असेल तरच जात, आणि स्टूल नेत नसत. त्यांच्या आत काहीतरी मोडलं होतं, आणि ते बघताना मला आमचे ओसरीवरचे वडील आठवायचे.

पावसाळ्याच्या अखेरीस निकाल आला. शेठनी जिन्याखालून हाक मारली. मी मोठ्यानं वाचलं: "अर्जदाराचे वतन शाबीत होत नाही. सबब अर्ज काढून टाकण्यात येत आहे."

"शाबीत म्हंजे?"

"सिद्ध होत नाही, शेठ. तुमचं वतन आहे असं ठरत नाही."

त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, वाचता येत नसूनही त्याच्याकडे बघत राहिले. "बरोबर लिहिलाय," ते म्हणाले. "कोनतरी नीट चौकशी केला." हे ते चेष्टेनं म्हणाले नाहीत. मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं, पण मला आला तो राग, आणि तो कुणावर काढायचा ते समजेना.

नवा अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला. या वेळी शेठनी एका अक्षराला हरकत घेतली नाही. अर्जनवीसानं लिहिलं, 'आईची भेट घेणेकरिता,' आणि शेठ हो म्हणाले. तो तरुण कारकून स्वतः कागद घेऊन टेबलाटेबलांवर फिरला. दाखला मिळाला, तो वर गेला, आणि दिवाळीच्या आधी परत येण्याचा शिक्का मारलेला पासपोर्ट शेठच्या हातात आला. इतक्या लवकर कधी कुणाचं काम झालेलं मी पाहिलं नाही. शेठनी काळ्या कोटाला ब्रश केला, बाईला सांगितलं की महिनाभर मासळी आणू नको, आणि बोटीची चौकशी करायला मुंबईला जायचा दिवस ठरवला.

त्या दिवसाच्या आधी डहाणूचा चुलतभाऊ आला. दुकानात शिरताना त्यानं टोपी काढली. शेठ चहा ओतत होते, त्यांनी ओतणं थांबवलं नाही. कप भरला, बशीत सांडला, टेबलावरून खाली वाहायला लागला तेव्हा मी त्यांच्या हातातून किटली घेतली. शेठची आई दीड महिन्यापूर्वीच गेली होती. निकाल आला त्याच्याही आधी. दुकान त्यांनी बंद केलं नाही. गल्ल्यामागे एक दिवा लावला आणि आलेल्या गिऱ्हाइकाला चहा देत राहिले.

चारपाच दिवसांनी ते मला म्हणाले, "कचेरीत चला. शिक्का परत द्यायचा हाय."

मी म्हटलं, शेठ, कशाला? मिळाला आहे तर जाऊन या. गाव बघा, घर बघा. कचेरीत त्या कारकुनानंही तेच सांगितलं. "कुणी विचारणार नाही, शेठ. जाऊन या. माझ्यासाठी जाऊन या."

"कागदावर आई लिहिलाय," शेठ म्हणाले. "आई नाय. मग कागद खोटा हाय. मी खोटा कागदावर कुटं गेला नाय, जानार नाय. तुमी रद्द करा."

कारकुनानं पासपोर्ट उघडून शिक्का बघितला. मग खाली बघत म्हणाला, "रद्द करायला अर्ज द्यावा लागेल."

मला वाटलं आता शेठ काहीतरी बोलतील; हिंदुस्थान असा आणि इराण तसा. ते दाराकडे वळले. आम्ही बाहेर चिंचेखाली आलो. अर्जनवीसानं चटईवर जागा करून दिली, कागद घेतला आणि लिहायला लागला. मजकुराच्या मध्यावर त्याचा टाक थांबला.

"शेठ, माफ करा," तो म्हणाला. "आमच्यात कैलासवासी लिहितात. मुसलमानांत पैगंबरवासी. तुमच्यात काय लिहायचं ते मला ठाऊक नाही."

"कचेरी काय लिहितो?"

"कचेरीत काय, सरसकट मयत लिहितात."

"मयत," शेठ म्हणाले. त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा उच्चारला, आणि मी त्यांच्याकडे बघितलं, कारण आता ते सांगणार होते की त्यांच्यात याचा अर्थ काय होतो आणि आमच्या लोकांनी त्याचं काय केलं.

"लिहा," ते म्हणाले. "हा बरोबर हाय. आमच्यात पन हाच."

अर्जनवीसानं लिहिलं. शेठनी खाली उजवीकडून डावीकडे आपली सही केली, कागद आत देऊन आले, आणि आम्ही स्टेशनकडे चालायला लागलो. बोईसर येईपर्यंत ते तो एकच शब्द स्वतःशी म्हणत होते, कधी आमच्यासारखा, कधी त्यांच्यासारखा, आणि मला त्या दोन्हींत काही फरक ऐकू आला नाही.